धुतलेल्या साडीचा पदर

जालन्यातल्या आमच्या गच्चीवरचा वॉटरप्रूफ रंग पापुद्रे होऊन सुटला आणि आईच्या खोलीत पाणी आलं. नव्या रंगाआधी गच्ची घासायला ठेकेदाराने एक बाई आणल्या. साडीवर पुरुषाचा शर्ट घालून त्यांनी पापुद्रे खरवडले, तारेच्या ब्रशने शेवाळ काढलं, भेगा भरून घेतल्या.

रंगाच्या दिवशी मात्र त्या धुतलेली पिवळी साडी नेसून आल्या. ठेकेदार डबा उघडत होता, तेवढ्यात त्यांनी पदराचं टोक गच्चीवर घासलं. पाण्याच्या टाकीखाली ते काळं झालं.

"थांबा. इथं धूळ हाय."

"आता तुमच्या पदराला विचारून रंग लावू का, आक्का?" ठेकेदार हसला.

"बराबर! धूळ राह्यली तर रंग धुळीला चिकटतो, गच्चीला न्हाई. मंग पुन्हा ताईच्या घरात पाणी."

टाकीखाली आडव्या होऊन त्यांनी ती जागा पुन्हा घासली, पुसली. मग पदराचं दुसरं टोक फिरवून माझ्यासमोर धरलं. ते पिवळंधमक होतं.

"पाहा ताई. रंग कुणाचाबी असू द्या, गच्ची माझ्या हातची हाय."

पावसाळा गेला. आईची खोली कोरडी राहिली. शेजारी रंगाची कंपनी विचारतात. मी सांगते, आधी धुतलेली साडी नेसून येणारी बाई शोधा.