सहीपुरती मराठी

आमचे सर मराठी बोलू लागले की मला धडकी भरायची. दिल्लीत, मयूर विहारच्या घरी बायकोमुलांशी त्यांची हिंदी चालायची, आणि मी नागपूरची आहे हे ठाऊक असूनही माझ्याशी "चलो डॉक्टर, जल्दी." मराठी बाहेर निघायची ती एखाद्या मराठी आईबापाची सही हवी असली की.

गुडगावात तेव्हा शेतांमधून काचेच्या इमारती उगवत होत्या. त्यातल्याच एका रुग्णालयात मी सरांच्या हाताखाली मुलांची डॉक्टर होते. परदेशी कंपनीचं एक नवं अँटिबायोटिक मोठ्यांवर तपासून झालं होतं. ते लहान मुलांच्या रक्तात किती वेळ टिकतं, एवढंच बघायचं होतं. जंतुसंसर्ग झालेल्या मुलाचे नेहमीचे उपचार चालूच राहत. वर या औषधाचा एक डोस द्यायचा आणि दिवसभर पुन्हा पुन्हा रक्त काढायचं. मुलाला त्याचा फायदा काहीच नव्हता. सर हे पालकांना सांगत, पण घाईतल्या भटजींनी मंत्र उरकावेत तसं.

सुई टोचायची वेळ आली की साहेब गायब. "मला बच्चे लोकांचं रडणं बघवत नाही, यार," म्हणत कॉफी प्यायला जात. मोठे कोमल हृदयाचे! रडवायचं काम आमच्याकडे.

नाही म्हणायला, एक गोष्ट त्यांनी शिकवली. मुलाच्या छातीला लावण्याआधी ते स्टेथोस्कोप तळहातात धरून गरम करत. "थंड लागला की मूल दचकतं, बेटा." तेवढ्यापुरते ते मला आवडायचे, आणि त्याचाच जास्त राग यायचा.

एकदा मानेसरच्या कारखान्यातल्या एका लातूरकडच्या कामगाराची चार वर्षांची पिंकी न्यूमोनियाने भरती झाली. बाप ड्यूटीवर, आई एकटी, हिंदी तिला धड येत नव्हती. सर स्टूल ओढून बसले. "ताई, कुठल्या तुम्ही? अरे वा, आपल्याच की! आपल्या माणसाला मी फसवीन का?" परक्या मुलखात इतकी गोड मराठी ऐकून बाईचे डोळे भरून आले. तिने सही केली. नको वाटलं तर केव्हाही थांबवता येतं, हे मी तिला मुद्दाम सावकाश सांगितलं.

दुपारपर्यंत पिंकीचे हात काळेनिळे झाले. मी पुन्हा गेले, तर आईने तिला पदराआड घेतलं. "बास. आता नको."

सरांना बोलावणं गेलं. ते आले आणि त्यांची मराठी आटली. "देखिए मॅडम, आपने साइन किया है. बीच में नहीं छोड़ सकते." हे धडधडीत खोटं होतं.

"सकाळी तर मला ताई म्हणलात," ती म्हणाली. "आता म्याडम कशी झाले ओ?"

सर माझ्याकडे वळले. "समझाओ इसको."

मला त्यांची किळस आली. मी तिला म्हणाले, "ताई, तुम्ही नको म्हणालात ना, मग नको. पिंकीचे बाकीचे उपचार चालूच राहतील." आणि सुया उचलून ट्रेमध्ये ठेवल्या.

पिंकी बरी होऊन घरी गेली. महिनाअखेर सरांनी मलाही नोकरीतून निरोप दिला, इंग्रजीत.

परवा सर गेल्याचं कळलं. मला रडू आलं नाही. संध्याकाळी माझ्या दवाखान्यात एक तापाने फणफणलेलं मूल आलं. मी स्टेथोस्कोप उचलला, आणि या माणसाचं आपल्याकडे काहीएक उरू नये असं वाटत असतानाच हाताने तो नेहमीसारखा घट्ट धरून गरम केला.

मूल दचकलं नाही.