भाऊजींचं नैनीताल

नैनीतालची खडान्‌खडा माहिती असलेला आणि नैनीताल न पाहिलेला माणूस भारतात एकच होता, आणि तो म्हणजे आमच्या थोरल्या ताईचा नवरा. मॉल रोडवर गाड्या कधी बंद होतात, रोपवेच्या रांगेत सावली कुठपर्यंत मिळते, कोणत्या बाजूच्या हॉटेलातून तलाव दिसतो आणि कोणत्या बाजूच्या हॉटेलातून फक्त दुसरं हॉटेल दिसतं, हे सगळं भाऊजी बदलापूर पूर्वेला आपल्या सोफ्यावर बसून सांगत. रविवारी विहारात वंदना झाली की चपला घालता घालता कुणीतरी विचारायचं आणि भाऊजी सुरू व्हायचे. त्यांच्या नियोजनावर त्यांची अर्धी गल्ली नैनीतालला जाऊन आली. ती मंडळी परतल्यावर फोटो दाखवायला भाऊजींकडेच येत आणि भाऊजी फोटोत चुका काढत. "इथे कशाला उभे राहिलात? जरा पुढे सरकला असतात तर मागे देऊळही आलं असतं."

भाऊजी अंबरनाथला एका रसायनांच्या कारखान्यात मेन्टेनन्सला होते. कारखान्यातून ते निवृत्त झाले, मेन्टेनन्समधून अजून व्हायचे आहेत. कारखान्यात म्हणे प्रत्येक चालत्या पंपाशेजारी तसाच दुसरा पंप तयार ठेवतात. त्याला स्टँडबाय म्हणतात. पहिला बंद पडला की दुसरा सुरू. हे तत्त्व भाऊजींनी घरी आणलं. घरात दोन मिक्सर, दोन इस्त्र्या, दोन टॉर्च, दोन छत्र्या, तेलाचे दोन डबे. शिवाय स्टँडबाय नुसता ठेवून भागत नाही, मधून मधून चालवून पाहावा लागतो, म्हणून दर रविवारी दुसऱ्या मिक्सरवर गरज असो नसो चटणी वाटली जायची आणि भर उन्हाळ्यात हॉलमध्ये दुसरी छत्री उघडली जायची. ताई म्हणायची, "मला तेवढी स्टँडबाय आणली नाही, उपकारच आहेत यांचे."

नैनीतालची इच्छा मुळात ताईची. चारी बाजूंना डोंगर, मध्ये तलाव आणि तलावाभोवती गाव, असं एकदा बघायचंय, एवढंच ती लग्नानंतर कधीतरी बोलली होती. मग मुलांची शिक्षणं झाली, घराचे हप्ते झाले, सासूबाईंचं आजारपण झालं. निवृत्तीनंतर भाऊजींनी हे काम हातात घेतलं, आणि भाऊजींनी काम हातात घेतलं म्हणजे पहिली काही वर्षं नियोजनात जाणारच. तेवढ्यात ताईचे गुडघे कुरकुरायला लागले. आधी तिने भाजी आणणं सोडलं, मग गच्चीवर जाणं सोडलं. दर उन्हाळ्यात नैनीताल ठरायचं, दर उन्हाळ्यात कशाला ना कशाला स्टँडबाय कमी पडायचा आणि बेत पुढे जायचा.

यंदा मात्र गाडी बरीच पुढे गेली. एप्रिलमध्ये भाऊजींनी मला उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये स्वेटर घ्यायला नेलं. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, आणि भाऊजी लोकर चोळून बघतायत. दुकानदार सिंधी, धंद्यात मुरलेला. तोही हबकला. "साईं, अभी तो छत्री का माल खोलने का टाइम है. स्वेटर ऊपर माळे पे गया." भाऊजी म्हणाले, "उतारो. चार पीस." "दो जन जा रहे हो ना?" "दो स्टँडबाय." दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, मी पंख्याकडे पाहिलं. स्वेटर घेतल्यावर त्यांची चाचणी आली. भाऊजींचा जुना सहकारी अंबरनाथला एका बर्फाच्या कारखान्यात होता. तिथे त्यांनी ताईला स्वेटर घालून बर्फाच्या लाद्यांमध्ये उभं केलं आणि घड्याळ लावलं. "थंडी वाजते का?" त्यांनी विचारलं. "लाज वाजते," ताई म्हणाली. स्वेटर पास झाला.

निघायच्या दोन दिवस आधी नाक्यावर बॅनर लागला. आमच्याकडे कुणाच्या कुत्र्याचा वाढदिवस असला तरी बॅनर लागतो, त्यामुळे यात नवल काही नव्हतं. गल्लीतल्या एका भावी नगरसेवकाच्या मनाली ट्रिपचं नियोजन भाऊजींनी करून दिलं होतं, त्याची ही परतफेड. 'नैनीताल दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा' या ओळीखाली गॉगल घातलेला भावी नगरसेवक माणसाच्या उंचीचा, त्याच्या पायाशी डझनभर शुभेच्छुक, आणि अगदी कोपऱ्यात, आधार कार्डावर असतात तसे, भाऊजी आणि ताई. ताई म्हणाली, "दौऱ्यावर नक्की कोण चाललंय?"

आदल्या दिवशी दुपारी भाऊजींचा फोन आला. "मेव्हणे, कॅन्सल केलं."

"का?"

"हिचे गुडघे. वाटेत एखादा गेला तर काय करायचं? स्टँडबाय नाही."

"दोन आहेत की."

"दोन्ही चालू आहेत," भाऊजी म्हणाले. "त्याला स्टँडबाय म्हणत नाहीत."

मी हसलो. पलीकडून हसू आलं नाही, तेव्हा माझ्या लक्षात आलं की माणूस घाबरलेला आहे.

आता प्रश्न असा, की नाक्यावर बॅनर आणि घरात भाऊजी, हे दोन्ही एकाच वेळी कसं चालणार? त्यामुळे ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, ठरलेल्या बॅगा घेऊन, गल्लीने केलेले टाटा स्वीकारून दोघं रिक्षात बसले आणि बदलापूर पश्चिमेला, सोनिवलीत आमच्याकडे लपायला आले. आमची इमारत नवी, लिफ्ट बसवलेली, पण परवानगी यायची होती. तीन मजले ताई एकेक पायरी करत चढली. दर वळणावर थांबली. भाऊजी तिच्यामागे दोन्ही हात पसरून, पडती शिडी पकडल्यासारखे. वर आल्यावर ती खुर्चीत टेकली आणि घाम पुसत म्हणाली, "झाला बघा तुमचा रोपवे. गेला का एखादा गुडघा?" भाऊजी पाणी आणायला गेले.

तो आठवडा आमच्या घरात नैनीतालच्या वेळापत्रकाने चालला. सकाळी चहा पिताना भाऊजी घड्याळ बघून सांगायचे, "आता आपण काठगोदाम स्टेशनला उतरलो असतो." संध्याकाळी, "आता मॉल रोड." अडचण फोनची झाली. दर रविवारी पंचशील घेणारा माणूस, खोटं बोलणार कसा? म्हणून ते फोन उचलतच नसत. ताई उचलायची आणि सोनिवलीबद्दल खरं खरं बोलायची. "हो हो, पोचलो सुखरूप... हवा काय मस्त, मोकळी... नाही बाई, थंडी नाही फारशी... हो ना, चढ आहे, गुडघे दुखले जरा." आमची ही तोंडात पदर कोंबून स्वयंपाकघरात पळायची. ताईइतकं हसताना मी कुणाला पाहिलं नसेल त्या दिवसांत.

मग विहारातल्या बायकांच्या ग्रुपवर मागणी आली, की तलावाचा एक फोटो टाका. भाऊजी दुपारभर येरझाऱ्या घालत होते. शेवटी मला बाल्कनीत घेऊन हळूच म्हणाले, "मेव्हणे, बारवी धरण इथून जवळच आहे. मागे डोंगरही येतात. आपण फक्त फोटो टाकायचा. कुठला ते लिहायचंच नाही. लिहिलं नाही तर ते खोटं होत नाही ना?" ताई आतून ऐकत होती. ती बाहेर आली, आणि आठवड्यात पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"अहो, मला तलाव कुणाला दाखवायचा नाहीये. मला बघायचाय."

भाऊजी बाल्कनीच्या कठड्यावरची धूळ पुसायला लागले.

"तुम्हाला भीती वाटते ते कळतं मला. मलाही वाटते. पण यंदा हे गुडघे चढतायत. पुढच्या वर्षी घरातल्या घरात चालवतील की नाही, त्यांनाच विचारावं लागेल." मग माझ्याकडे वळून, लहानपणी मला दुकानात पिटाळायची त्या आवाजात म्हणाली, "तू तिकिटं काढ. दोनच काढ. यांना विचारू नकोस."

मी काढली. एक जागा एका डब्यात, दुसरी दुसऱ्या डब्यात, हॉटेल तर नाहीच. एरवी भाऊजींनी असलं बुकिंग परक्या माणसालाही करू दिलं नसतं. त्यांनी मोबाइलवर तिकीट दोनदा वाचलं आणि एवढंच विचारलं, "खालचा बर्थ हिला आहे ना?" बॅगा भरलेल्याच होत्या.

दोघं परत आल्यावर मी मोठ्या तयारीने त्यांच्याकडे गेलो. न पाहता तासभर बोलणारा माणूस पाहून आल्यावर किती बोलेल, या हिशेबाने घरी जेवायची वाट बघू नका म्हणून सांगून गेलो होतो. भाऊजी म्हणाले, "पाणी हिरवं आहे." पुढे काही येईल म्हणून मी थांबलो. आलं नाही.

बाकीचं ताईने सांगितलं. होडीत चढताना होडीवाल्याने एक हात धरला, भाऊजींनी दुसरा. ती बसली, आणि मग डोंगर सगळीकडून वर गेले. चक्कर पुरी झाली, होडी काठाला लागली, होडीवाला हात पुढे करून उभा राहिला आणि ही आपली तशीच बसलेली. भाऊजी आता उठ म्हणतील, पुढचं ठिकाण सांगतील, असं तिला वाटलं. भाऊजी होडीवाल्याला म्हणाले, "भाईसाब, और एक चक्कर."

हे ती मला खिडकीजवळच्या खुर्चीतून सांगत होती. पावसाळ्यानंतर ती खाली उतरलेली नाही. परवा गेलो तेव्हा तिने पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं, आणि या वेळी चकरा तीन झाल्या. भाऊजी बाजूला बसून लसूण सोलत होते. एरवी दुसऱ्याच्या फोटोतली पावलंही मोजणारा हा माणूस मान वर न करता म्हणाला, "हो, तीन."