नसलेल्या डिस्कवरची कहाणी

भूत-बित मी मानत नाही. चौथी शिकलो, जन्मभर वेल्डिंग केली. हाताला लागते तेच खरं. पण यंदा महालक्ष्म्यांत घरी जे झालं, त्यानं मी अजून सुन्न आहे... म्हणून लिहून राहिलो.

आम्ही जबलपूरला, महाराजपुरात राहतो. बायको कमल गेली, त्याला वर्ष झालं. आमच्यात महालक्ष्म्यांपुढे कहाणी झाल्याशिवाय नैवेद्य दाखवत नाहीत. अन् हातात अक्षता घेतल्या की कहाणी संपेपर्यंत कोणी उठत नाही. कहाणी कमलच सांगायची, तोंडपाठ. पोरगी वसुधा कंप्युटरवाली, तिनं ती एकदा रेकॉर्ड केली होती. कमलचा तेवढाच आवाज उरला होता — कंप्युटरला बाहेरून लावायच्या डिस्कमध्ये.

ती डिस्क सफाई करताना माझ्या हातून पडली. दुकानवाला म्हणे, "चाचा, इसमें कुछ नहीं बचा." मी ती त्याच्याकडेच टाकून आलो.

पूजेच्या दुपारी वसुधा म्हणाली, "बाबा, हा कंप्युटर आता सुरूच होणार नाही. मी नियमच लावून ठेवला होता — सुरू होताना हा आधी डिस्क जोडतो, मग तिच्यातलं आईचं फोल्डर उघडतो. आपल्याकडे आधी कहाणी, मग नैवेद्य — तसंच. डिस्क नसली की लाल अक्षरं येऊन अडकतो. तो नियमच काढून टाकते."

"काढ लवकर. सोळा भाज्या थंड होऊन राहिल्या. कहाणी पुस्तकातून वाच."

तिनं बटण दाबलं. तो अडकलाच नाही! आईचं फोल्डर समोर. वसुधानं मागे हात घातला... डिस्कची वायर नुसती लोंबत होती. तिनं भीतभीत फोल्डर उघडून रेकॉर्डिंग लावलं.

"वसू, पंखा बंद कर, दिवा विझते. अन् तुझ्या बाबांना सांग, आंबिलीत बोट घालू नका!"

कमल! पुढे कहाणी सुरू झाली. आम्ही अक्षता घेतल्या अन् बसलो. शेवटपर्यंत हललो नाही.

अक्षता वाहिल्या तशी वसुधा कॉपी करायला धावली. फोल्डर रिकामं. बंद करून परत लावला — लाल अक्षरं.

"मी आधी कॉपी काहून नाही केली, बाबा?" ती रडून राहिली.

"अर्ध्यातून उठली असती तर तुझी आईच ओरडली असती. चल, पानं वाढ."

तिनं सगळं तपासलं, ऑफिसात विचारलं. डिस्कशिवाय ते फोल्डर उघडूच शकत नाही म्हणतात. पण उघडलं ना! दोघांनी ऐकलं. कसं, ते तिला कळत नाही, मला काय कळणार?

नियम मात्र मी तिला काढू दिला नाही. रोज सकाळी बटण दाबतो. लाल अक्षरं येतात, कंप्युटर अडकतो. अडकू दे.