काकूच्या बटणासाठी राऊटर

आमचे काका हाडाचे लाइनमन. टेलिफोन खात्यात छत्तीस वर्षं खांबावर चढले नि उतरले, आणि निवृत्त झाल्यावरही रस्त्याने मान वर करूनच चालायचे. त्यापायी दोनदा गटारात पाय गेला, पण सवय गेली नाही. कुठे तार लोंबताना दिसली की घरमालकाला दार वाजवून सांगून यायचे, मग तो खेकसला तरी चालेल. माणसांमधलं त्यांना फारसं कळत नसे. तारांच्या बाबतीत मात्र त्यांचा शब्द खाली पडत नसे, आणि हे सगळ्यांत जास्त त्यांना स्वतःलाच ठाऊक होतं.

मी त्यांची पुतणी. दोन गल्ल्या सोडून राहते, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत दिवसभर नळजोडणीचे अर्ज संगणकात भरते. एवढ्या भांडवलावर आमच्या घराण्यात मी संगणकतज्ज्ञ ठरले आहे. कुणाचाही फोन रुसला की बोलावणं मला.

काकूला कंपवात झाला त्याला आता सहा वर्षं झाली. आधी हात थरथरायला लागले, मग पावलं जमिनीला चिकटायला लागली, आणि शेवटी आवाज गेला. म्हणजे अगदीच गेला नाही, पण इतका खाली उतरला की ती काय म्हणते ते ऐकायला तिच्या तोंडाशी कान न्यावा लागे. डोकं मात्र लख्ख. माझ्या कचेरीतल्या प्रत्येकाच्या भानगडी तिला माझ्यापेक्षा जास्त लक्षात असायच्या. वर्षभरात ती दोनदा पडली. दुसऱ्या वेळी काका पुढच्या खोलीत पेपर वाचत बसले होते आणि ती मागे मोरीत पाऊण तास हाका मारत होती. फोन तिच्या हातात टिकत नव्हता आणि हाक तीन भिंती ओलांडत नव्हती.

काकांची मुलगी, माझी चुलत ताई, आठ तासांच्या अंतरावर नोकरी करते. ती आली आणि तिने बापाला सरळ सांगितलं, "बाबा, एक महिना देते. तेवढ्यात आईची पक्की सोय करा, नाहीतर मी तिला आमच्याकडच्या शुश्रूषागृहात ठेवणार. परत असं झालं ना, तर मी तुम्हाला कधीच माफ करणार नाही." ताई तोंडाची फटकळ आहे, पण खोटं काही बोलत नव्हती. जाताना तिने काकूच्या गळ्यात एक बटण अडकवलं. ते दाबलं की घरातल्या इंटरनेटवरून तीन फोनांवर घंटा वाजणार होती: काकांच्या, ताईच्या आणि माझ्या.

पुढच्या खोलीत दाबलं की वाजायचं. मागे मोरीत दाबलं की ढिम्म. इंटरनेटवाल्यांनी फुकट दिलेला राऊटर साबणाच्या डबीएवढा, तो दारापाशी खिळ्याला टांगलेला, आणि घर आगगाडीच्या डब्यासारखं लांबलचक. मध्ये लोखंडी कपाट, मग जाड भिंत, मग पाण्याचं पिंप. काकूला घरात ठेवायचं असेल तर महिन्याभरात असा राऊटर शोधायचा होता, ज्याची हाक मोरीपर्यंत पोचेल.

दुकानातला विक्रेता मोठा गोड बोलणारा होता. त्याने आठ अँटेनांचा एक राऊटर काढला. उलट्या पडलेल्या झुरळासारखा दिसत होता.

"हा घ्या काका. अख्खा पिक्चर एका मिनिटात उतरतो."

"आम्हाला पिक्चर नाही उतरवायचा," काका म्हणाले. "बायको पडली तर घंटा वाजली पाहिजे. किती भिंतींपलीकडे चालतो?"

"भिंती कसल्या आहेत त्यावर आहे."

"नऊ इंची, विटेच्या. मध्ये लोखंडी कपाट."

विक्रेत्याने खोका उलटापालटा करून पाहिला. खोक्यावर खेळ खेळणाऱ्या एका तरुणाचं चित्र होतं, भिंतींबद्दल अवाक्षर नव्हतं. तरी तो आम्ही घेतला, कारण आठ अँटेनांपुढे माझी मती गुंग झाली होती. घरी आणून लावला आणि काकूचं बटण होतं तेवढंही बंद पडलं. नाकापेक्षा मोती जड. दोन संध्याकाळी डोकं फोडल्यावर मला उलगडलं की राऊटरच्या लहरी दोन जातींच्या असतात. एक वेगवान, पण भिंत आली की मान टाकते. दुसरी मंद, पण लांब जाते. बटणाला फक्त मंद जात कळत होती, आणि आमचा हा पैलवान दोन्ही एकाच नावाखाली पाठवून त्याला बुचकळ्यात टाकत होता.

मी हे काकांना सांगितलं तेव्हा त्यांना मनापासून आनंद झाला. "म्हणजे वेग कमी, पल्ला जास्त. हे तर आमच्या वेळेपासून तसंच आहे की." मग त्यांनी सगळा कारभार माझ्या हातून काढून घेतला, आणि बरंच झालं. झुरळ परत गेलं. त्याऐवजी दोन लहान डब्यांची जोडी आली, एक पुढे, एक मागच्या बोळात. दोन्ही हवेतून बोलतील असं माहितीपत्रक म्हणत होतं, पण काकांचा हवेवर विश्वास नव्हता. त्यांनी छताच्या कडेने स्वतः वायर ओढली, एकही जोड न देता. वीज गेली तरी राऊटर चालावा म्हणून बॅटरीचा डबा बसवला. दोन लहरींना दोन वेगळी नावं दिली. सगळ्याचा बंदोबस्त केला.

मग चाचणी. काकांनी खडू घेतला, काकूला चाकांच्या खुर्चीत बसवलं आणि घरभर फिरवलं. दर दोन पावलांवर ती बटण दाबायची, घंटा वाजली की काका जमिनीवर फुली मारायचे. माझा फोन कचेरीत दिवसभर किंचाळत होता, साहेबांच्या नाकी नऊ आले. संध्याकाळी मी तिथे गेले तेव्हा चाळीस फुल्या झाल्या होत्या. काकू माझ्या कानाशी म्हणाली, "आता मला छपरावर चढवतील बघ." मोरीत तर काका स्वतः आडवे झाले, दार लावून, नळ सोडून, बटण मुठीत धरून. "पडलेला माणूस उभा राहून बटण दाबत नाही," म्हणाले. घंटा वाजली. ओल्या पाठीने बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा असा काही उजळला होता की मला एकदम भरून आलं. त्या माणसाने बायकोला प्रेमाचं एक वाक्य ऐकवलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. त्याचं प्रेम हे असं, खडूने मारलेलं.

ताई आली, तिने फुल्या पाहिल्या, स्वतः चार ठिकाणी बटण दाबून पाहिलं आणि म्हणाली, "ठीक आहे. राहू दे आईला इथेच." त्या दिवशी काकू तिच्या मानाने पोटभर जेवली.

अकरा आठवडे सुरळीत गेले. दोनदा खरंच घंटा वाजली, दोन्ही वेळा काका मिनिटाच्या आत पोचले.

आता त्या दुपारचं सांगायला हवं. त्याआधी एक गोष्ट. काकांच्या नोकरीच्या काळात टेलिफोनच्या तारा तांब्याच्या होत्या, आणि वीज पडली की त्या तारेवरून थेट घरात शिरायची. काकांच्या डोळ्यांदेखत एका ऑपरेटर बाईचा कान भाजला होता. तेव्हापासून आभाळ गडगडायला लागलं की काका घरातल्या फोनची पिन काढून ठेवत, शेजाऱ्यांनाही काढायला लावत. छत्तीस वर्षं. आता घरात येणारी तार काचेची आहे, तिच्यावरून वीज येऊ शकत नाही. हे मला कुणी शिकवलं? काकांनीच. त्यांच्या डोक्याला ते पक्कं ठाऊक होतं. हाताला नव्हतं.

त्या दुपारी काकूच्या गोळ्या संपत आल्या होत्या. काका दुकानात जायला निघाले, चपला घातल्या, आणि लांब कुठेतरी गडगडलं. त्यांनी हात वर करून राऊटरची पिन उपसली, बॅटरीच्या डब्यातलीही उपसली आणि दाराला बाहेरून कडी घालून गेले. दुकानात पोचले आणि पाऊस कोसळला. थांबेल आता, आता थांबेल म्हणून उभे राहिले. फोन खिशात होता, वाजला नाही, म्हणून जिवाला घोर नव्हता. उलट औषधवाल्याला ते बटणाची करामत सांगत होते. हे नंतर औषधवाल्यानेच मला सांगितलं.

काका दीड तासाने घरी आले. काकू मोरीच्या उंबऱ्यावर पडली होती, खुब्याचं हाड मोडलेलं, आणि अंगठा बटणावर. अंगठा इतका घट्ट दाबलेला होता की त्यावर बटणाची गोल खूण उठली होती. काकांनी मला फोन केला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मी पिन काढली. मीच पिन काढली."

ताई रातोरात निघून सकाळी दवाखान्यात पोचली. काकू शुद्धीवर होती. काका भिंतीला टेकून उभे होते. ताईने पहिला प्रश्न आईला विचारला.

"आई, बटण का नाही वाजलं?"

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात काकूने ताईची बाही ओढली. ताई वाकली, मीही वाकले.

"दाबायचं विसरले," काकू म्हणाली.

आणि चादरीखाली तिने माझा हात असा पिळला की मी गप्प बसले. माझ्या फोनमध्ये सगळी नोंद होती. राऊटर किती वाजता बंद झाला, किती वाजता लागला, सगळं. ताईच्याही फोनमध्ये होती, पण तिने कशाला उघडून बघावं? आईने तर सांगून टाकलं होतं. काका मान खाली घालून उभे राहिले. मला त्यांचा संताप आला. मग माझा स्वतःचाही आला, कारण मी तरी कुठे बोलले?

काकूला वाटलं, नवऱ्यावरचा घाव तिने आपल्यावर घेतला. झालं भलतंच. ताईच्या हिशोबी प्रश्न आता पडण्याचा राहिला नाही, विसरण्याचा झाला. "गळ्यातलं बटण दाबायचं जिला आठवत नाही, तिला घरी ठेवून उपयोग काय?" ती मला म्हणाली, आणि तिथेच रडली. खुबा बसवून झाल्यावर पंधराव्या दिवशी काकूला थेट शुश्रूषागृहात हलवलं. अर्जात "स्मृती" अशी ओळ होती, ताईने तिथे प्रामाणिकपणे "विसरते" असं लिहिलं. म्हणून काकूला तळमजल्याच्या त्या दालनात ठेवलं, जिथे विसरणारी माणसं असतात. त्याचं दार बाहेरून बंद असतं. तिथली परिचारिका वाईट नाही, पण काकूशी मोठ्याने, तोडून तोडून बोलते, आज वार कोणता विचारते, आणि थरथरत्या ओठांतून उत्तर निघायच्या आत स्वतःच सांगून पुढे जाते.

काका तिथेच एक खोली घेऊन राहिले आणि रोज दालनात जाऊन बसू लागले. दोन महिने त्यांनी ते पाहिलं. मी सुट्टी काढून गेले तेव्हा त्यांची पाठ वाकली होती. त्याच संध्याकाळी त्यांनी ताईला माझ्यासमोर सगळं सांगितलं. पिन, गडगडाट, औषधाचं दुकान, काही लपवलं नाही.

ताईने शांतपणे ऐकून घेतलं. मग तिने बापाच्या हातावर हात ठेवला. "बाबा, आईला इथून सोडवायला तुम्ही आता काहीही अंगावर घ्याल. कळतं मला."

"खरं आहे ते, ताई," मी म्हटलं. "मी नोंद पाहिली होती."

"दाखव."

नोंद तीस दिवस राहते, मग आपोआप पुसली जाते. मी फोन तिच्यापुढे धरला, त्यात काहीच नव्हतं.

"तू पण?" ती म्हणाली. "तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंत ना?" मग तिने सांगितलं की डॉक्टरांशी बोलून झालं आहे आणि आता आईला सारखं हलवणं बरं नाही.

दुसऱ्या दिवशी काका काकूच्या पलंगाशी बसले आणि तिला म्हणाले, "मी पोरीला सगळं सांगून टाकलं. पण तिचा विश्वास बसला नाही." मला वाटलं, काकूला सुटल्यासारखं होईल. सहा वर्षांत मी तिला चिडलेली पाहिली नव्हती. तिचे हात इतके थरथरायला लागले की पलंगाचा दांडा खडखडू लागला. काकांनी तिच्या तोंडाशी कान नेला. पण त्या दिवशी ती मलाही ऐकू गेली.

"मी इथे वेडी म्हणून राहते ती कुणासाठी? तुमचं नाव राहावं म्हणून ना? आता मी वेडीची वेडीच राहिले, आणि तुम्ही खोटे ठरलात."

काका म्हणाले, "हो."

तेवढ्यात परिचारिका आली आणि काकूला मोठ्याने विचारू लागली, हे कोण आलेत तुम्हाला भेटायला, ओळखता का?