रांगोळीतील उतरती रेषा

गणिताचे प्राध्यापक भास्करराव ढेपे यांचा व माझा प्रथम परिचय बहात्तरच्या दुष्काळात, उस्मानाबादेतील सहकारी ग्राहक भांडारासमोर, मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, रांगेत झाला. मी महाविद्यालयात इतिहासाचा अध्यापक म्हणून नुकताच रुजू झालो होतो. माझ्यापुढे उभे असलेले सर कागदी पिशवीवर आलेख काढीत होते. रांग सरकली, सर सरकले नाहीत. मागून एक वृद्ध गृहस्थ ओरडले, "ओ मास्तर, मिलो संपल की!"

"तुम्ही व्हा पुढं, काका. माझ्या पेशी अजून वाढायल्यात."

कर्करोगावरील औषधाने पेशींच्या वाढीवर काय परिणाम होतो, हे समीकरणांतून जाणण्याचा सरांचा ध्यास असा भररस्त्यातही सुटत नसे.

पुढे माझी पत्नी कै. सुमन हिच्या मानेतील गाठ कर्करोगाची निघाली. सोलापुरातील उपचारांनी काही दिवसांत गाठ विरली आणि सुमनने पुढची सुई नाकारली. "हाताला काही लागंना, मग कशाला जायचं?" माझे सर्व युक्तिवाद व्यर्थ गेले. तेव्हा सर घरी आले आणि त्यांनी तिच्याच रांगोळीने अंगणात एक रेषा काढली.

"ही कसली रांगोळी, भाऊजी? करवतीचे दातच की!"

"वहिनी, सुई दिली की पेशी घटतात, रेषा उतरते. मधल्या दिवसांत थोडी चढते, पण त्याच दिवसांत तुमचं रक्तही सावरतं." मग त्यांनी एक आडवी रेघ ओढली. "हिच्याखाली गाठ हाताला लागत नाही. पण रेषा अजून जमिनीला टेकलेली नाही. इथं थांबलात, तर पुन्हा वर जाईल."

"मग मी वाचंन का?"

"ते माझ्या समीकरणाला ठाऊक नाही. ते पेशी मोजतं, माणूस नाही."

सुमन हसली. "वाचाल म्हणला असता, तर गेले नसते." दुसऱ्या दिवशी आम्ही सोलापूरची एसटी धरली.

त्यानंतर सुमनने अनेक वर्षे सुखाने संसार केला. लेकीचे लग्न हौसेने लावले. अखेरीस रोग उलटला आणि औषध लागू पडेना. ती गेल्यावर सर भेटीस आले, ते सांत्वनाची ठरावीक वाक्ये बोलले नाहीत. म्हणाले, "औषधाला न जुमानणाऱ्या पेशी मी हिशेबात धरल्याच नव्हत्या. मांडणी नव्याने करावी लागेल." त्या दुःखात मला याहून मोठा आधार कोणी दिला नाही. आज साठाव्या वर्षीही ते त्याच मांडणीत मग्न आहेत, आणि भांडारातील मंडळी त्यांना अजून "पेशीवाले सर" म्हणून चिडवतात.

ते काम त्यांच्याच हातून तडीस जावे. त्यासाठी त्यांना निरामय, उदंड आयुष्य मिळो. आणि सुमनला न लाभलेली वर्षे सरांच्या आयुष्यात जमा होवोत. तिचीही याला हरकत नसती.