वहाळावरची कपार

मी पेणच्या खाडीकडची. वडील मिठागरात काम करायचे. लहानपणापासून पाहिलं ते सगळं सपाट: बांध, पाणी, मिठाच्या राशी. डोंगर होते, पण लांब, पावसाळ्यात दिसेनासे होणारे. त्यामुळे नर्सचं शिक्षण संपल्यावर मला रोह्याकडे, खांबच्या बाजूच्या एका उपकेंद्रात नेमलं आणि डोंगरावरच्या वाड्यांवर चढून जायला सांगितलं, तेव्हा पहिले दोन महिने माझे गुडघे रोज ठणकायचे.

त्या दिवसांत मला तिथे टिकवलं ते एका बाईंनी. गाव त्यांना काकी म्हणायचं, मीही म्हणू लागले. त्या गावच्या सुईण होत्या, सरकारी प्रशिक्षण घेतलेल्या. पावसाळ्यात भात आणि थंडीत वाल पिकवायच्या. वय पन्नाशीच्या पुढे, बांधा लहान, लुगड्याचा काष्टा घट्ट, कमरेला कोयता. चालताना त्या माझ्या पुढे असायच्या आणि मागे न बघताही मी किती दमलेय हे त्यांना कळायचं.

"बस गो जरा," त्या म्हणायच्या, "मला दम लागला." त्यांना कधीच दम लागलेला नसे.

गौरी-गणपती होऊन आठवडा झाला असेल. वरच्या वाडीतून सकाळी निरोप आला की तीन दिवसांच्या बाळंतिणीला ताप भरलाय. काकींनी पावसासाठी पानांचं इरलं उचललं, मी औषधांची पिशवी घेतली. निघताना त्या सुनेला म्हणाल्या, "वहाळाच्या वाटेनं जातो नि त्याच वाटेनं येतो. दुपार कलली नि आम्ही दिसलो नाय, तं दोरखंड घेऊन माणसं धाड."

मला हसू आलं. आभाळात ढग होते, पण ऊनही पडलं होतं. वाटलं, काकी फार जपून वागतात.

बाळंतिणीची अवस्था वाईट होती. अंग चटके बसावेत इतकं तापलेलं, डोळे मिटलेले. माझ्या पिशवीतल्या गोळ्यांनी भागणारं ते दुखणं नव्हतं. तिला रोह्याच्या दवाखान्यात नेणं भाग होतं. तिच्या नवऱ्याने आणि दिराने घोंगडीची झोळी केली, बांबू ओवला आणि तिला खांद्यावर घेतलं. बाळ काकींनी स्वतःच्या छातीशी बांधलं आणि वरून इरलं घेतलं.

अर्ध्या वाटेवर पाऊस आला. एवढा पाऊस मी खाडीवरही पाहिला नव्हता. पुढचा माणूस दिसेना. पायवाटेचाच ओहळ झाला आणि वहाळ ओलांडायची जागा आली तेव्हा तिथे ओलांडण्यासारखं काही उरलंच नव्हतं. गढूळ पाणी दगडांवरून उड्या मारत चाललं होतं.

"बिळात चला!" नवरा ओरडला.

वहाळाच्या काठालाच एक मोठी गुहा होती, तिलाच ते बीळ म्हणत. तोंड ऐसपैस, आत कोरडी, जमिनीवर मऊ वाळू. एखाद्या घराची पडवी असावी तशी. झोळी आत गेली, मागून मी गेले. डोक्यावरचा मारा थांबला आणि मला रडू येईल इतकं बरं वाटलं.

"भाईर!" काकी तोंडाशीच उभ्या होत्या. "सगळी भाईर या. आत्ताच्या आत्ता."

"काकी, हिला ताप आहे. पावसात कुठे नेता?" मी म्हणाले.

त्यांनी कोयत्याच्या टोकाने भिंतीकडे दाखवलं. माझ्या छातीएवढ्या उंचीवर दगडाच्या खाचांत वाळकं गवत आणि काटक्या अडकल्या होत्या, थेट आतपर्यंत, एका सरळ रेषेत.

"हे काय वाऱ्यानं आणलं? नि ही वाळू कोणी अंथरली?"

नवऱ्याने आणि दिराने झोळी पुन्हा उचलली. आम्ही बाहेर पडलो.

काकी आम्हाला उभ्या चढणीवरून वर घेऊन गेल्या. नवरा पुढे, दीर मागे, मधे झोळी. मी खालून दोन्ही हातांनी तिला आधार देत होते. दोनदा माझा पाय सटकला. बऱ्याच उंचीवर एक कपार होती, पाच माणसं जेमतेम मावतील एवढी. मी आत घुसणार तोच काकींनी हात आडवा केला.

"थांब गो."

आम्ही पावसात उभे आणि काकी कपार बघतायत. आधी त्यांनी तोंडाच्या वरचा कडा पाहिला. त्यावरून पाणी ओघळत होतं, पण माती येत नव्हती. मग आतल्या जमिनीवर पडलेले दगड पाहिले. सगळ्यांवर शेवाळ, नवा फुटलेला एकही नाही. वास घेतला. दोन दगड आत फेकून काही हलतंय का ते ऐकलं. शेवटी एक काठी उचलून कोपऱ्यातला पाला उपसला आणि जमीन आपटत आत गेल्या. त्या दोन-तीन मिनिटांत मी मनातल्या मनात त्यांना किती बोल लावले असतील! आणि बाळाला झाकलेला त्यांचा डावा हात तेवढा वेळ जागचा हलला नव्हता.

"या आता."

आत गेल्यावरही त्यांचं चालूच होतं. तोंडाशी उभं राहायचं नाही, वीज कडाडतेय. भिंतीला टेकायचं नाही. मागे अंधाऱ्या फटीकडे जायचं नाही, तिथे वटवाघळं आहेत. पाला पसरून त्यावर इरलं पालथं घातलं आणि बाळंतिणीला त्यावर निजवलं. दिराने कुठूनशा सुक्या काटक्या गोळा केल्या आणि आतच शेकोटी करू म्हणाला.

"एवढ्याशा जागेत धूर जाईल कुठं? पोराच्या नाकात?" काकी म्हणाल्या. "नि तापला दगड की कपचे उडतात. आपली अंगं हायत ना, तीच ऊब."

त्यांनी मला बाळंतिणीच्या एका बाजूला बसवलं, नवऱ्याला दुसऱ्या बाजूला. त्याच्या डोक्याला लाल पंचा होता, तो सोडायला लावून दिराकडून बाहेरच्या करवंदीच्या जाळीवर बांधून घेतला. मी विचारलं, तो कशाला? "आपून हितं हाय हे आपल्यालाच ठावं. दुसऱ्याला कसं कळायचं?"

साधारण अर्ध्या तासाने खालून आवाज आला. पावसाचा नव्हे, दगड दगडावर आपटल्याचा. मी सरकून खाली पाहिलं. वहाळ काठ सोडून पसरला होता. मोठ्या गुहेच्या तोंडातून पाणी आत शिरत होतं. एक अख्खा ओंडका वाहत आला, आडवा झाला आणि आत ओढला गेला. तो परत बाहेर आलेला मी पाहिला नाही.

मी मागे सरकले. बाळंतिणीच्या नवऱ्याने तिच्या कपाळावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून बसला. काकींनी खाली पाहिलंसुद्धा नाही. त्या बाळाला पाजायला आईजवळ धरत होत्या.

मग पाऊस थांबला. ऊन नाही, पण उजेड आला. ताप वाढतच होता, आणि माझा धीर सुटला.

"काकी, आता निघू या. हिला उशीर झाला तर मी काय करू? नर्स मी आहे."

"व्हय, नर्स तूच हायेस," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुझं म्हणणं खोटं नाय. मलाबी दिसतंय तिचं." मग दिराकडे वळल्या. "खाली जा, पाण्याच्या काठाला एक दगड ठेव. हात लावू नको पाण्याला."

तो दगड ठेवून वर आला. थोड्या वेळात दगड दिसेनासा झाला. आमच्यावर थेंब पडत नव्हता आणि पाणी चढत होतं.

"वर डोंगरात अजून पडतोय," काकी म्हणाल्या.

त्या तासाभरात मी जे भोगलं ते कधी विसरले नाही. ओली पट्टी बदलत होते, नाडी मोजत होते आणि दर मिनिटाला त्या पाण्याला शिव्या देत होते. काकी मात्र बाळंतिणीशी बोलत राहिल्या. भात कसं आलंय, बाळाचं नाक कोणावर गेलंय. तिने एकदा डोळे उघडून "आज्यावर" असं म्हटलं, तेव्हा काकी अशा हसल्या की आम्हीही हसलो.

दगड पुन्हा दिसला. त्याच सुमारास पलीकडून हाका आल्या. सुनेने धाडलेली चार माणसं होती, दोरखंडासह. त्यांनी लाल पंचा खालूनच हेरला होता. पाणी मांडीपर्यंत उतरल्यावर त्यांनी दोन झाडांना दोर ताणला आणि झोळी पलीकडे गेली. दिवस मावळायच्या आत आम्ही हमरस्त्यावर होतो. विटांचा एक ट्रक थांबला, ड्रायव्हरने पुढची जागा रिकामी करून दिली, आणि बाळंतीण रोह्याला पोचली. दहा दिवसांनी ती स्वतःच्या पायांनी वाडी चढली.

पुढे एकदा वालाच्या शेंगा सोलताना मी काकींना विचारलं, हे सगळं तुम्हाला कोणी शिकवलं?

"नव्यानं लग्न झालेलं माझं. मी नि माझी नणंद लाकडांना गेलेलो. पाऊस आला तशी त्याच मोठ्या बिळात बसलो. माझी मोळी भाईर राह्यलेली, ती आणाया मी निघाले. ती म्हणाली, भिजू दे गो, बस. मी नाय ऐकलं. मोळीपाशी पोचले नि मागं बिळात पाणी. तिची भाकर माझ्या फडक्यात होती."

त्यानंतर त्या पावसाळाभर, भीती वाटत असताना, डोंगरातली एकेक कपार जाऊन बघत राहिल्या होत्या. कुठे पाणी शिरतं, कुठे दरड येते, कुठे जनावर राहतं. हे काम त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

बऱ्याच वर्षांनी रोह्याला आपत्तीच्या वेळी काय करावं याचं प्रशिक्षण झालं. मी काकींना बरोबर नेलं. एक तरुण अधिकारी फार मनापासून समजावत होते. डोंगरात पावसात अडकलात तर जवळच्या गुहेत आसरा घ्या, असं ते म्हणाले. काकी उठून उभ्या राहिल्या.

"कोणत्या?"

"म्हणजे, जी जवळ असेल ती, आजी."

"जवळची तीच वाईट असंल तं?" आणि मग भरल्या सभागृहात त्या न अडखळता बोलल्या. गुहा ही शेवटची जागा. आधी आभाळ बघा, घरी वाट सांगून निघा, आणि आत जाण्याआधी भिंत, जमीन नि वरचा कडा बघा. अधिकाऱ्यांनी हातातला खडू ठेवला आणि वही काढली. मला आजही त्या माणसाचं कौतुक वाटतं. असं लिहून घेणारे फार थोडे पाहिले मी.

पुढच्याच आठवड्यात ते स्वतः वाडीवर आले, सोबत पांढऱ्या रंगाचा डबा आणि पुराची खूण करायला रंगारी. काकींनी त्यांना मोठ्या गुहेपाशी नेलं आणि पाणी कुठवर येतं ते दाखवलं. रंगारी वाळक्या गवताच्या रेषेवर पट्टा ओढणार, इतक्यात काकींनी त्याचा हात धरला.

"वीतभर वर घे."

"पण आजी, पाणी तर इथपर्यंतच आलंय," रंगारी म्हणाला.

"मी बघितलं तवर. पुढचा पाऊस कुठं बघितलाय मी?"

त्याने अधिकाऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. रंगारी दगडावर चढला आणि त्याने वीतभर वर पट्टा ओढला.