चाळीसच्या आतलं ऊन

गार्डकाका माणसांना नावं ठेवत तशीच यंत्रांनाही ठेवत. फरक इतकाच की यंत्रं उलट बोलत नसत. परभणीत त्यांचं घर माझ्या घराला लागून. सगळी नोकरी पूर्णेला, मालगाडीवर गार्ड म्हणून गेलेली. निवृत्तीनंतर एकच काम उरलं होतं. दुपारी चारला स्कूटरवर स्टेशनात जायचं, फलाटावरच्या बाकावर जुन्या सोबत्यांबरोबर बसायचं आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीची निंदा करायची.

मग त्यांना हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टरांनी बजावलं, ऊन चाळीसच्या वर गेलं की घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. परभणीच्या उन्हाळ्यात ही अट म्हणजे नजरकैदच. काकूंनी स्कूटरची चावी पदराला बांधली आणि टीव्हीवरचा आकडा प्रमाण मानला. काकांनी तोही झिडकारला. "ते ऊन शेती विद्यापीठाच्या रानात मोजलेलं हाय. आपल्या गल्लीत येवढं न्हाई." हे सिद्ध करायला त्यांनी घरगुती हवामान यंत्र मागवलं. त्याची एक छोटी डबी बाहेर टांगायची आणि घरातल्या पडद्यावर आकडे बघायचे. पडद्यावर चाळीसच्या आत दिसलं तर चावी मिळेल, असं काकूंनी कबूल केलं.

मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो, एवढ्या गुन्ह्यावर मला पंच नेमण्यात आलं. पहिल्या कंपनीचा पडदा रंगीत होता, लग्नाच्या मांडवासारखा. त्यावर त्रेचाळीस उमटले. काका म्हणाले, "रंग लय, अक्कल न्हाई." आठवड्यात दुसऱ्या कंपनीचं यंत्र आलं. त्याच्या पडद्यावर एक बाहुला होता. ऊन वाढेल तसे त्याचे कपडे कमी होत. थंड देशात ही गंमत वर्षभर पुरत असेल. आमच्याकडे तो एप्रिलमध्येच अर्ध्या चड्डीवर आला होता. काका त्याच्यासमोर उभे राहून म्हणाले, "आता ह्यानं काय काढावं?" आकडा पुन्हा त्रेचाळीसच.

तिसऱ्याचे अंक स्टेशनातल्या घड्याळाएवढे. शिवाय हवेचा दाब, वाऱ्याची दिशा, चंद्राची कला. "चंद्राचं मी काय करू? समुद्राच्या काठाला राहायलोय का?" बेचाळीस.

लोक पडदा लांबून वाचता येतो का, बॅटरी किती टिकते हे बघून यंत्र निवडतात. काकांची कसोटी एकच होती, कमी दाखवेल ते चांगलं. निकाल आधी लिहून मग साक्षी काढणारा असा न्यायाधीश मी दुसरा पाहिला नाही, आणि तसं मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "सर, तुमी पुस्तकातलं सांगायलात."

एके सकाळी काकू देवळात गेल्या होत्या. काकांनी मला हाक मारली. ओसरीत माठाची तिवई होती, माठाला ओलं फडकं गुंडाळलेलं. "सर, त्या मोठ्या अंकांच्या यंत्राची डबी तिवईखाली बांधा. माझे गुडघे वाकत न्हाईत." ओल्या फडक्याजवळ पारा का उतरतो, हे मी दरवर्षी पोरांना शिकवतो. मी नाही म्हणालो. काकांनी माठाचं फडकं उगाच नीट केलं. मग म्हणाले, "बाकावर माझ्या जागी दुसराच बसायलाय म्हणं." काकांना मी पहिल्यांदाच कुणाची टर न उडवता बोलताना ऐकलं. मी वाकून सुतळीनं डबी बांधली.

दुपारी पडद्यावर एकोणचाळीस दिसले. "हे यंत्र इमानदार हाय," काकांनी जाहीर केलं. काकूंनी आकड्याकडे पाहिलं आणि पदराची गाठ सोडली.

तो सगळा मे महिना मी धास्तीत काढला. वाटेत त्यांना काही झालं असतं तर ते माझ्या हातानं झालं असतं. संध्याकाळी त्यांच्या स्कूटरचा आवाज येईपर्यंत माझं पेपर तपासण्यात लक्ष नसे. काका मात्र रोज लाल चेहऱ्यानं परतत आणि फाटकातूनच आजच्या गार्डांचा उद्धार सुरू करत.

ते गेले जानेवारीत, थंडीत, सकाळी दाढी करता करता. उन्हाचा काही संबंध नव्हता. तरी मला चैन पडेना. तेराव्यानंतर मी काकूंकडे गेलो आणि डबी कुणी, कुठे बांधली ते सगळं सांगून टाकलं.

काकू ज्वारी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"सर, माठाला पानी मीच भरते. तिवईखालची डबी मला दिसली नसंल का? पयल्याच दिवशी दिसली." त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला. "घरात बसून बसून ते रोज थोडे थोडे मरायलते. म्हणलं, जाऊ द्या."

त्यांनी सूप हलवून दाणे पसरले.

"एकदा भिजवलेलं फडकं वाळून चारपर्यंत आकडा चाळीसच्या वर जायचा," त्या म्हणाल्या. "म्हणून तीनला मी फडकं परत भिजवायचे."